लीनची सुरुवात पिवळ्या पट्ट्यांनी करू नका: छोट्या मशीन शॉपसाठी कामाचा क्रम

एखाद्या शॉपमध्ये लीन (वाया जाणारं काम आणि वेळ काढून टाकायची पद्धत) सुरू झालंय असं कळलं की मी आधी जमिनीकडे बघतो. ताज्या पिवळ्या पट्ट्या मारलेल्या असतात, भिंतीवर जपानी शब्दांचा बोर्ड लागलेला असतो, आणि त्या पट्ट्यांच्या आत अगदी शिस्तीत आठ-दहा दिवसांचा अर्धवट माल रचलेला असतो. गिऱ्हाइकाला डिस्पॅच पूर्वीइतकाच उशिरा जातो. सहा महिन्यांत पट्ट्या पुसट होतात आणि शेठ म्हणतात, "हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्याकडे चालत नाही."

तत्त्वं पाठ नसतात असं नाही. गिऱ्हाइकाला मोल कशाचं आहे ते ठरवा, ते तयार होण्याची वाट मांडा, माल न अडखळता वाहू द्या, पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवू नका, आणि सुधारत राहा. ही पाच तत्त्वं कुठलाही ट्रेनर पहिल्या तासात सांगतो. चुकतो तो क्रम. म्हणून इथे फक्त क्रमाबद्दल. समोर धरलंय एक नेहमीचं जॉबवर्कचं शॉप: बँडसॉ, दोन-तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (भोकं-आटे पाडणारं सीएनसी मशीन), डीबरिंगचं म्हणजे कडेची धारदार बर काढायचं टेबल, तपासणी. जॉब म्हणून एक फ्लँज (जोडासाठी भोकं असलेली गोल चकती) घेऊ. फ्लँजचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, तुमचे तुम्ही मोजून काढायचे.

तयारी: पहिले दोन आठवडे काही हलवू नका

एकच जॉब निवडा, किंवा त्याच मशीनवरून त्याच क्रमाने जाणारे दोन-चार जॉब. अख्खं शॉप एकदम घेऊ नका. निवडताना सगळ्यात त्रासाचा जॉब घ्यायचा मोह होतो, तो टाळा. दर आठवड्याला जाणारा, बऱ्यापैकी संख्येचा, रोजच्या पोटापाण्याचा जॉब घ्या.

मग तीन कागद गोळा करा: गेल्या तीन महिन्यांची डिस्पॅचची यादी तारखांसकट, रिजेक्शन आणि डेबिट नोट, आणि प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला माल बाहेर जात असेल तर जाण्या-येण्याची चलनं. चलनांच्या तारखा बघून बहुतेक मालकांना पहिला धक्का तिथेच बसतो.

तिसरी तयारी बोलण्याची आहे. लोकांना एकत्र बोलावून मालकाने स्वतः सांगावं की यातून कुणाची नोकरी जाणार नाही, मोकळा झालेला माणूस दुसऱ्या कामाला लावू. सुपरवायझरच्या तोंडून सांगितलेलं कुणी खरं मानत नाही. हे न बोलता स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलात तर प्रत्येक ऑपरेटर त्या दिवशी हळू काम करेल, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

सल्लागार लावायचा असेल तर केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं, त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. पण सल्लागार आला तरी तिसऱ्या टप्प्यातलं चालणं तुम्हालाच चालायचं आहे.

१. गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं ते लिहा

ड्रॉइंग समोर ठेवा आणि प्रत्येक ऑपरेशनला एकच प्रश्न विचारा: हे ड्रॉइंगवर मागितलंय का? टर्निंग, भोकं, आटे, ठरावीक फिनिश, हे मागितलेलं. माल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेणं, मोजून परत मोजणं, गंज चढला म्हणून पुन्हा पुसणं, हे कुणीही मागितलेलं नाही.

एका ठिकाणी फ्लँजच्या मागच्या तोंडावर एमरी मारायला एक मावशी दिवसभर बसलेल्या मी पाहिल्या. ड्रॉइंगमध्ये त्या तोंडाला साधी मशीन्ड फिनिश होती. कधीतरी एका लॉटवर टूलच्या रेघा आल्या, गिऱ्हाइकाने तक्रार केली, तेव्हा एमरी सुरू झाली. रेघांचं कारण इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) होता, तो बदललाही. एमरी मात्र तशीच चालू राहिली.

सावध: तपासणी मागितलेली नाही म्हणून उद्यापासून बंद करू नका. ती कमी करायची का, हे चौथा टप्पा झाल्यावरच ठरवा.

२. टाक्ट टाइम काढा

किती सेकंदाला एक पीस बाहेर पडायला हवा, हे गिऱ्हाईक ठरवतं. मशीनचा वेग इथे बघायचा नाही. शिफ्ट साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, साफसफाई १० वजा करा. उरली ४५० मिनिटं. रोजची मागणी ३०० नग. ४५० ला ३०० ने भागलं की दीड मिनिट, म्हणजे ९० सेकंद. हा टाक्ट.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, पूर्ण शिफ्टचा वेळ धरणं. दुसरी, मशीनचा सायकल टाइम म्हणजेच टाक्ट समजणं. तिसरी जास्त घातक: मागणीच्या जागी मालकाचं टार्गेट टाकणं. गिऱ्हाईक ३०० उचलतं आणि तुम्ही ४०० च्या हिशेबाने पळता, तेव्हा रोजचे १०० नग तुमच्याच जमिनीवर साठतात.

तपासा: डिस्पॅचच्या यादीत शेवटच्या आठवड्यात उसळी दिसते का? ती गिऱ्हाइकाची आहे की तुमच्या महिनाअखेरीच्या बिलिंगची? बिलिंगची असेल तर ती तुमच्या हातात आहे, आणि ती सपाट केल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

३. मालाच्या मागे चालत जा

इथे घाई करू नका, एक पूर्ण दिवस द्या. डिस्पॅचच्या दारापासून उलटं चालायला सुरुवात करा, सळईच्या रॅकपर्यंत. उलटं अशासाठी की पुढून गेलात तर प्रत्येक जण त्याचं मशीन किती छान चालतं ते सांगतो. उलटं गेलं की प्रश्न आपोआप बदलतो: हा माल इथे कधी आला, आणि का थांबलाय?

प्रत्येक थांब्यावर दोन गोष्टी लिहा. एक, मशीनवर एक पीस चढवल्यापासून पुढचा चढवेपर्यंतचे सेकंद, दहा पीस मोजून. दोन, त्या मशीनसमोर पडलेले नग, प्रत्यक्ष मोजून. कॉम्प्युटरमधला स्टॉक नको. आमच्या फ्लँजचं असं निघालं: कटिंग ४० सेकंद, पहिली बाजू ८०, दुसरी बाजू ७०, ड्रिल-टॅप ८५, डीबरिंग ३५, तपासणी-पॅकिंग ३०. एकूण ३४० सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटांच्याही आत.

आता पडलेला माल. कापलेले तुकडे ६००, दोन लेथच्या मध्ये ४५०, व्हीएमसीसमोर ७५०, डीबरिंगला ३००, तपासणीला १५०, तयार ३००. बेरीज २,५५०. रोजच्या ३०० ने भागा: साडेआठ दिवस. पीसवर काम पावणेसहा मिनिटांचं, आणि तो शॉपमध्ये राहतो साडेआठ दिवस. प्लेटिंगचे दिवस यात धरलेलेच नाहीत.

हे एका मोठ्या तपकिरी कागदावर पेन्सिलने काढा आणि शॉपमध्येच चिकटवा. लॅपटॉपवर काढलेला नकाशा ऑपरेटर कधी बघत नाही, त्यामुळे चूकही दुरुस्त करत नाही. कागदावर तो येऊन सांगतो, "साहेब, हा माल सरळ तिकडे जात नाही, आधी मागच्या शेडमध्ये जातो." तशी दोन-तीन वाक्यं मिळाली की दिवस वसूल.

सावध: व्हिडिओ काढणार असाल तर आधी विचारा. आणि मोजताना ऑपरेटरच्या मागे नको, शेजारी उभे राहा.

४. आधी रिजेक्शन आणि बंद पडणं आवरा

हा टप्पा सगळे गाळतात. थेट माल कमी करायला जातात, चौथ्या दिवशी टॅप (आटे पाडायचं टूल) तुटतो, पुढे द्यायला पीस नसतो, आणि लीनच्या नावाने खडे फोडून पुन्हा ढीग लावला जातो. ढीग वाईट असला तरी उगाच लागलेला नसतो. तो कुठलं तरी दुखणं झाकत असतो. आधी ते दुखणं बघा.

आमचं दुखणं एम-८ चा टॅप होता. ६.८ चं भोक, बंद तळाचं, आणि आठवड्याला दोन-तीन टॅप आत तुटून बसायचे. पहिलं उत्तर नेहमीचं: टॅप हलका आला, मेक बदला. बदलला, तरी तुटले. मग बसून विचारत गेलो. टॅप का तुटला? तळाला टेकला. का टेकला? भोक कमी खोल होतं. का? ड्रिल आखूड होता. आखूड का? धार लावून आलेला. मग मशीनमध्ये लांबीचा ऑफसेट (टूलची लांबी सांगणारा आकडा) का बदलला नाही? कारण धार लावलेला ड्रिल ग्राइंडरवरून थेट ऑपरेटरच्या हातात जायचा, मध्ये लांबी मोजायची सोयच नव्हती. टूलच्या टेबलावर एक साधा हाइट गेज ठेवला आणि होल्डरला लांबीची चिठ्ठी बांधायची पद्धत लावली. टॅप तुटणं जवळपास थांबलं.

लक्षात घ्या, शेवटचं उत्तर "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" असं आलं तर तुम्ही एक पायरी आधीच थांबलात.

तपासा: सलग दोन आठवडे या जॉबचं रिजेक्शन आणि मशीन बंद राहण्याची कारणं तासाच्या तासाला लिहिली जातात का? नसतील तर पाचवा टप्पा उघडू नका.

५. सेटिंगचा वेळ तोडा

मोठे लॉट का चालतात? कारण सेटिंगला, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्यासाठी मशीन तयार करायला, दोन तास लागतात. पहिल्या बाजूच्या लेथवर ३०० नगांना ८० सेकंदांनी ४०० मिनिटं लागतात. हाती ४५० आहेत, उरली ५०. या ५० मिनिटांत ११० मिनिटांचं सेटिंग बसत नाही, म्हणून १,५०० चा लॉट काढायचा आणि पाच दिवसांचा माल एकदम पुढे ढकलायचा. ऑपरेटरला लहान लॉट चालवायला सांगून काही होत नाही. सेटिंग लहान केलं की लॉट आपोआप लहान होतात.

मोबाइल स्टँडवर लावा आणि शेवटच्या चांगल्या पीसपासून पुढच्या जॉबच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत सगळं रेकॉर्ड करा. मग सेटरलाच शेजारी बसवून बघा. आमच्या ११० मिनिटांची फोड अशी होती: ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम शोधणं १२, जॉ (चकचे पीस पकडणारे जबडे) शोधणं १५, जॉ बदलणं ८, सॉफ्ट जॉ (मऊ जबडे) पीसच्या मापाला बोअर करणं २०, टूल बदलणं आणि ऑफसेट २५, ट्रायल पीस आणि तपासणीची वाट २२, शेवटची दुरुस्ती ८.

पहिलं काम: मशीन चालू असताना करता येईल ते सगळं बाहेर काढा. ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि जॉ एका ट्रॉलीवर आदल्या जॉबच्या शेवटच्या तासात तयार हवेत. इथेच २७ मिनिटं गेली. इन्सर्ट बदललेले होल्डर तयार ठेवले आणि नेहमीच्या टूलना टरेटवर (लेथच्या टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यावर) कायमचे नंबर दिले, आणखी १५. ट्रायल पीस पडायच्या आधी तपासनीसाला हाक मारली आणि गेज मशीनपाशी आणून ठेवले, १२. इथपर्यंत खर्च ट्रॉलीचा, आणि ११० चे ५६ झाले.

दुसरं काम: आत राहिलेलं सोपं करा. सॉफ्ट जॉ उतरवताना प्रत्येकावर चकच्या खाचेचा नंबर आणि दातांची जागा कोरून ठेवली, तिन्ही एकत्र बांधून जॉबच्या नावाने रॅकवर लावले. परत चढवताना पूर्ण बोअर करावं लागत नाही, क्लॅम्पिंगचं तेच प्रेशर ठेवून हलका कट घेतला की रनआउट (फिरताना पीसचं डगमगणं) मापात बसतो. वीसचे पाच मिनिटं. आता एकूण ४१, आणि ते ५० मध्ये बसतात.

व्हीएमसीवर वेगळी युक्ती. तिथे ८५ सेकंदांनी दिवसात २५ मिनिटंच उरतात. फ्लँजचं फिक्श्चर (पीस पकडायची चौकट) टेबलाच्या डाव्या बाजूला कायम राहू द्या, बाकीचे जॉब उजवीकडे, वेगळ्या वर्क ऑफसेटवर. फिक्श्चर चढवणं-उतरवणंच संपलं.

सावध: हे तंत्र "सिंगल मिनिट" म्हणून ओळखलं जातं, त्याचा अर्थ एक मिनिट नव्हे. एका आकड्यात, म्हणजे दहाच्या आत. छोट्या शॉपने पहिल्या फेरीत निम्मं केलं तरी पुष्कळ आहे. आणि वाचलेल्या वेळात जास्त नग काढायला जाऊ नका. तो वेळ जास्त वेळा सेटिंग करण्यासाठी आहे.

६. मशीन जवळ आणा

आता हलवाहलवी, ती सुट्टीच्या दिवशी. भोसरीकडच्या शॉपना गुरुवार मिळतो. दोन्ही लेथ समोरासमोर, पुढे व्हीएमसी, तिच्या कुशीत डीबरिंगचं टेबल, शेवटी तपासणी, सगळं घोड्याच्या नालासारखं. दोन लेथमध्ये पीस हातातून हातात जाऊ दे, ढीग नको.

इथे माणसाचा वेळ आणि मशीनचा वेळ वेगळा मोजा. व्हीएमसीच्या ८५ सेकंदांत लोडिंग-अनलोडिंग २५ आहे, बाकी ६० सेकंद ऑपरेटर दाराच्या काचेतून बघत उभा असतो. आधीच्या पीसचं ३५ सेकंदांचं डीबरिंग त्यात आरामात बसतं, वर बर दिसली की त्याच क्षणी कळतं की ड्रिल बोथट झालाय. पूर्वी हे एका दिवसाने कळायचं, ३०० नग ड्रिल झाल्यावर. बाहेरच्या कडेची बर तर यायलाच नको. दुसऱ्या बाजूच्या लेथवर २० सेकंद मोकळे आहेत, चॅम्फर (कडेचा तिरका कट) तिथेच घ्या.

३४० सेकंदांना ९० ने भागलं की चारच्या आत येतं. लाइनवर माणसं सहा उभी असतात. मोकळ्या झालेल्या दोघांतला एक सेटिंगची ट्रॉली भरेल. तयारीत दिलेला शब्द पाळायची वेळ हीच.

७. रिकामा क्रेट हीच ऑर्डर

लेथ आणि व्हीएमसीमध्ये २५ नगांचे क्रेट ठेवा आणि क्रेटची संख्या बांधून टाका. हिशेब सोपा: रोज ३००, रिकामा क्रेट भरून यायला अर्धा दिवस, म्हणजे १५०. वर वीस टक्के आधार धरून १८०. पंचविसाने भागून ७.२, म्हणजे आठ क्रेट. नववा क्रेट त्या भागात दिसता कामा नये. क्रेट रिकामा झाला तर भरा, नाहीतर थांबा.

हे "थांबा" सगळ्यात जड जातं. मशीन उभं दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. दुपारी एक चक्कर मारून तो म्हणतो, "रिकामा का बसलास, काढून ठेव शंभर," आणि तिथे सगळी व्यवस्था मोडते. नगावर इन्सेन्टिव्ह असेल तर मालकाची गरजही नाही, ऑपरेटर स्वतःच काढतो. म्हणून क्रेट मांडायच्या आधी इन्सेन्टिव्हचा आधार बदला, लाइनमधून बाहेर पडलेल्या चांगल्या नगांवर तो सगळ्यांना मिळून द्या. मशीन थांबलेलं असताना काय करायचं याची छोटी यादी मशीनवर लावा: चिप ट्रे, कूलंटची पातळी, पुढच्या जॉबचे जॉ.

तपासा: दोन आठवडे कुठेच अडलं नाही तर एक क्रेट काढून घ्या. अडलं तर कशाने ते लिहा, आणि क्रेट परत देण्याआधी ते कारण काढा.

८. आता पट्ट्या मारा

मशीन कुठे, क्रेट कुठे, ट्रॉली कुठे हे ठरलं, त्यामुळे आता रंगाला अर्थ आहे. आठ क्रेटची जागा आखा, नववा ठेवला तर तो पट्टीबाहेर पडेल इतकीच. पाने आणि ॲलन की यांना बोर्डवर सावलीची जागा द्या. कुठल्या वस्तू टाकायच्या हे ऑफिसमधून ठरवू नका, सेटरला विचारा. तो जपून ठेवतो त्या वेड्यावाकड्या पट्टीतली एखादी कुठल्यातरी जुन्या जॉबचा स्टॉपर असते.

९. रोजची दहा मिनिटं

लाइनच्या तोंडाशी एक पांढरा बोर्ड लावा. तासाला ४० नग यायला हवेत. आले किती, आणि कमी आले तर कारण, तीन-चार शब्दांत. बोर्ड ऑपरेटरने भरायचा. सकाळी शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या दहा मिनिटं: कालचं सगळ्यात मोठं कारण कोणतं, आज त्यावर कोण काय करणार. आठवड्याला एक कारण कायमचं गेलं तरी वेग चांगला आहे.

बोर्डावर लाल आकडा दिसल्यावर मालकाने आवाज चढवला की दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे चाळीसच येतात. तसे आले तर बोर्ड पुसा आणि आधी त्या माणसाशी चहावर बोला.

महिन्याने पुन्हा जमिनीवरचा माल मोजा. आमच्या फ्लँजचे २,५५० चे ७५० नग राहिले असतील तर साडेआठ दिवसांचे झाले अडीच दिवस. चार आठवडे तुम्ही शॉपमध्ये नसतानाही हा आकडा टिकला, की दुसरा जॉब घ्या. तो घेताना पहिली अडचण बहुधा बँडसॉवर येईल, कारण तो सगळ्यांचा सामाईक आहे. तिथे कोणाचे तुकडे आधी कापायचे हे आजवर ज्याचा आवाज मोठा त्याने ठरवलेलं असतं, म्हणून कुठला क्रेट आधी रिकामा झाला ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या आधी बँडसॉपाशी टांगा.